नवव्या मात्रेपासून चार मात्रा

“नाव कुठं गेलं?” अक्कांनी विचारलं.

संगणकाच्या पडद्यावर त्या नेहमीप्रमाणे अर्ध्याच दिसत होत्या, कपाळ आणि चष्मा. त्या मिरजेत, मी नांदेडात. खुब्याचं हाड मोडल्यापासून वत्सलाअक्का तेरदाळकरांचं हिंडणं-फिरणं बंद झालं होतं आणि मला पोस्टाच्या नोकरीतून दर आठवड्याला मिरज गाठणं शक्य नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी दहा ते अकरा आमची शिकवणी अशी पडद्यावरून चालायची.

“कुठलं नाव, अक्का?”

“अंतरा म्हण पुन्हा.”

मी म्हटला. ‘द्वार खुलो राखूँ, दीप न बुझाऊँ’, मग चार मात्रा गप्प, आणि मग ‘अब लौट न जइयो’. त्या गप्प बसण्याचा मला भलता अभिमान होता. आठवडाभर घोटून बसवलं होतं.

“तिथं थांबतेस कशाला?”

“तुम्हीच थांबला होतात.”

“मी?” चष्मा पडद्याच्या अगदी जवळ आला. “तिथं ‘कहत वत्सला’ आहे. गेल्या रविवारी जाता जाता सगळी चीज एकदा म्हणून दाखवली, तू नुसती ‘वा अक्का’ म्हणालीस. आठ दिवसांत माझं नाव गिळलंस होय गं?”

मी काहीतरी पुटपुटले, नेट गेलं असेल, ऐकू आलं नसेल.

“ऐकू आलं नव्हतं तर वा कशाला म्हणालीस?”



बंदिशीत, म्हणजे चिजेत, बहुतेक वेळा अंतऱ्यात, ती रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं. त्याला मुद्रा म्हणतात. रचणारा मरून दोनशे वर्षं झाली असली तरी गाणाऱ्याला ते नाव घ्यावंच लागतं. अक्का पंचाहत्तरीला आल्या होत्या आणि ही जौनपुरी रागातली चीज त्यांनी नुकतीच बांधली होती. मला त्यांनी ती शिकवायला घेतली तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “अजून कुणाला दिलेली नाही.”

“बाकी सगळं विसरलीस तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “नाव गाळायचं नाही. समजलं?”

“हो अक्का.”

“म्हण.”

मी ‘कहत वत्सला’ घालून अंतरा म्हटला. त्यांनी वीस वेळा म्हणून घेतला आणि फोन बंद केला.

मी लगेच गेल्या रविवारची फाइल उघडली. हो, फाइल. मी त्यांची शिकवणी चोरून रेकॉर्ड करत होते, त्याला दीड वर्ष झालं होतं.

पडद्यावरची शिकवणी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला तानपुऱ्याला हात लावायला सांगून वचन घेतलं होतं की रेकॉर्डिंग करणार नाही. “यंत्र ऐकतंय म्हटलं की कान सुट्टीवर जातात,” असं त्यांचं म्हणणं. मी हात लावला आणि तिसऱ्या रविवारी वचन मोडलं. दिवसभर काउंटरवर माणसांची तोंडं आणि शिक्के, घरी आलं की स्वयंपाक; बुधवारपर्यंत अक्कांनी दिलेली सुरांची जागा डोक्यातून साफ गेलेली असायची. रियाज कशाचा करायचा? आमच्या घरातल्या जुन्या संगणकात मी एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घातलं. पहिल्या दिवशी फाइल उघडली तर तिच्यात फक्त मी. माझं रडकं ‘सा’, माझं ‘हो अक्का’, आणि डोक्यावरच्या पंख्याची घरघर. कानाला हेडफोन असल्यामुळे अक्कांचा आवाज खोलीत आलाच नव्हता आणि सॉफ्टवेअर माइकचं ऐकत बसलं होतं. मग दोन रात्री खटपट करून ती सोय सापडली, ज्यात संगणक स्वतः जे वाजवतोय तेच टिपतो. पुढच्या रविवारपासून उलटं झालं. फाइलमध्ये फक्त अक्का.

ते मला फार आवडलं. अक्का एक ओळ म्हणायच्या, मग तेवढीच कोरी जागा यायची, जिथं शिकवणीत मी म्हटलेलं असायचं. घरी मी ती जागा भरायची. त्यांनी म्हणायचं, थांबायचं, मी म्हणायचं. रोज पहाटे साडेपाचला मला अक्का मिळायच्या, न ओरडणाऱ्या, हव्या तितक्या वेळा.

त्या रविवारच्या फाइलमध्ये शेवटी अक्कांनी अख्खी बंदिश म्हटली होती. अंतरा आला. ‘दीप न बुझाऊँ’. नववी मात्रा, जिथं ताल हलका पडतो, त्याला खाली म्हणतात, बरोबर तिथं आवाज नाहीसा झाला. त्यांच्या मागे वाजणारा इलेक्ट्रॉनिक तबलासुद्धा नाही. चार मात्रा ठार शांतता, मग तेराव्या मात्रेवर दोन्ही परत. आमचा संगणक मध्येच दम खायचा, तसा त्यानं तिथं खाल्ला होता. शिकवणीत मी ते नाव कानांनी ऐकलं होतं. पण यंत्र चालू आहे म्हणून मी आरामात पाय पसरून बसले होते. माझे कान खरंच सुट्टीवर गेले होते. म्हातारी बोलली ते शब्दन् शब्द खरं निघालं याचाच मला जास्त राग आला.

आणि मग दुसरीच गोष्ट आठवली. तीन दिवसांपूर्वी ती फाइल मी मुकुंददादाला पाठवली होती.

मुकुंद हेर्लेकर म्हणजे अक्कांचा सगळ्यात जुना शिष्य. अक्कांचे यजमान श्रीधरबुवा असल्यापासूनचा. आता मोठा गवई, परदेशात दौरे वगैरे. पंधरा वर्षांत अक्कांकडे शिकायला बसला नव्हता, पण मुलाखतीत ‘माझ्या गुरूंचं घर’ म्हणताना त्याचा गळा दाटून यायचा. मी अक्कांकडे शिकत होते त्या दहा वर्षांत त्यानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. त्या गुरुवारी मात्र थेट फोन.

“संजीवनी, अक्कांचा सत्कार ठरवतोय. पंचाहत्तरीचा. तुला काहीतरी गायला हवं.”

मी हवेत. खरंच हवेत.

“आणि हे बघ, अक्का आता थकल्या. त्यांचं काहीतरी जपून ठेवायला हवं की नको? तू रेकॉर्ड करत असशीलच. मी कुणाला बोलणार नाही.”

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “एक नवी चीज आहे दादा, जौनपुरीची. अजून कुणाकडे नाही.” आपल्याकडे काहीतरी आहे हे दाखवायची हौस, दुसरं काय. फोन ठेवून दहा मिनिटांत फाइल त्याच्याकडे पोचली होती.

आता त्याला फोन करून सांगायला हवं होतं की अंतऱ्यात एक नाव गळलंय. पण ते सांगायचं तर फाइल कशी बिघडली, मी काय शिकले, अक्का काय बोलल्या, सगळं आलं. उद्या करू, परवा करू, करत मी तो फोन केलाच नाही. त्यानं काय, नुसती जपून ठेवायला तर मागितली होती.

सत्कार मिरजेत, रविवारीच, सकाळी अकराला. मी आदल्या दिवशी पोचले. माझं गाणं कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

“वेळेचं गणित जमेना,” मुकुंददादा म्हणाला. “तू माझ्यामागे तानपुऱ्याला बस. स्टेजवर असणं महत्त्वाचं.”

बसले. काय करता? सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत मधोमध चाकाच्या खुर्चीत अक्का, हिरव्या नऊवारीत, मांडीवर शाल आणि नारळ. मोडल्या खुब्यामुळे एका बाजूला जरा कलून बसलेल्या. हार घालून झाले, भाषणं झाली. मग मुकुंददादा गायला बसला आणि माइक पुढं ओढून बोलायला लागला.

“आज गुरुचरणी माझी एक स्वतःची रचना अर्पण करतो. राग जौनपुरी. रसिकांनी अंतऱ्याकडे लक्ष द्यावं. तिथं मी चार मात्रा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. खालीच्या मात्रेपासून. शब्द नाहीत, सूर नाही. दार उघडं ठेवून वाट बघणाऱ्या बाईची ती शांतता आहे.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तारांवर बोटं फिरत होती ती सवयीनं. आमच्या खटारा संगणकानं खाल्लेला दम हा माणूस वाट बघणाऱ्या बाईची शांतता म्हणून विकत होता!

त्यानं चीज सुरू केली. गळा सुरेख, खोटं कशाला बोलू. अंतरा आला. ‘द्वार खुलो राखूँ, दीप न बुझाऊँ’. त्यानं डोळे मिटले, हात हवेत अलगद धरला आणि थांबला. तबलजीनंही हात आवरला. ते त्यांचं आधी ठरलेलं असणार. एक, दोन, तीन, चार. ‘अब लौट न जइयो’. समेवर टाळ्या. “क्या बात है!” कुणीतरी मोठ्यानं म्हणालं.

मी अक्कांकडे बघितलं. त्या मुकुंददादाकडे बघतच नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून मागे, माझ्याकडे बघत होत्या.

त्यांना सगळं कळलं होतं. तो खड्डा त्यांनी जगात एकाच माणसाच्या तोंडून ऐकला होता, माझ्या. तो त्याच्यापर्यंत पोचला म्हणजे कसा पोचला, हे समजायला त्यांना दुसरा पुरावा नको होता. आणि तरीही त्यांनी हात वर केला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. घरी जाऊन पाया पडले असते, दादाच्या माथी मारलं असतं. एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण त्यानं अंतरा पुन्हा घेतला. ‘दीप न बुझाऊँ’ म्हणून पुन्हा तो हात, ते मिटलेले डोळे. आणि ती जागा समोर आली. दीड वर्ष रोज पहाटे मी काय करत होते? अक्कांच्या आवाजानंतर कोरी जागा आली की भरत होते.

‘कहत वत्सला’.

माझ्यापुढं माइक नव्हता. त्याची गरज पडली नाही.

मुकुंददादानं डोळे उघडले. मागे वळला नाही. एक क्षण खांदे ताठ झाले, मग त्यानं मान डोलावली आणि डावा हात माझ्याकडे कौतुकानं फिरवला, जणू त्यानंच इशारा केला होता आणि शिष्या सुरेल साथ देत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मला वाटलं तानपुरा उचलून त्याच्या डोक्यात घालावा.

तो झटकन स्थायीवर आला आणि ताना घ्यायला लागला. अंतऱ्याकडे काही तो आता फिरकणार नव्हता. त्याची तान समेवर आली आणि त्यानं श्वास घेतला, तेवढ्यात मीच अंतरा धरला. उभी राहून. तबलजी बिचारा गोंधळला, पण ठेका सोडला नाही. ‘द्वार खुलो राखूँ, दीप न बुझाऊँ, कहत वत्सला’. पुन्हा. ‘कहत वत्सला’. तिसऱ्यांदा.

“संजीवनी, खाली बस,” तो दातांतल्या दातांत म्हणाला. माइक त्याच्यासमोर होता, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

“चीज अक्कांची आहे!” मी ओरडले. “तिथं शांतता नाही, तिथं नाव आहे. त्यांचं नाव आहे!”

मग गलका झाला. संयोजकांपैकी कुणीतरी पडदा पाडला.

पडद्यामागच्या खोलीत अक्कांची खुर्ची ढकलत आणली. मुकुंददादा घाम पुसत उभा होता. मी दारापाशी.

“अक्का, माझं जरा ऐकून घ्या,” तो म्हणाला. “मला मिळालं त्यात मुद्रा नव्हती. बुवांच्या घरातली प्रत्येक चीज बुवांच्या नावानं आहे. ‘दास श्रीधर’ नाही, दुसरं कुठलंच नाव नाही. मला ती बेवारस वाटली.”

“बेवारस,” अक्का म्हणाल्या.

“म्हणजे तसं नव्हे. तुम्ही बांधता हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही शिकवता, एवढंच…”

“बुवांच्या नावच्या किती चिजा येतात तुला?”

“अकरा.”

“अकराच्या अकरा मी बांधल्यात मुकुंद. पोळ्या लाटता लाटता. ते म्हणायचे, घरात एकच नाव चालतं, बाईचं नाव चिजेत घातलं तर लोक हसतील. मी घातलं त्यांचं. चाळीस वर्षं तुम्ही सगळे ‘दास श्रीधर’ म्हणत आदरानं कान पकडत होता ना, ते माझ्यापुढं पकडत होता. ही बारावी. ते गेल्यावर एक तप मला धीर होईना. मग एकीत घातलं माझं नाव.”

दादानं रुमाल खिशात घातला.

“जा तू,” अक्का म्हणाल्या. तो वाकून पायांना हात लावायला गेला, तर त्यांनी मोडक्या खुब्यानिशी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्यांना किती दुखलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

तो गेला. मी पुढं झाले.

“अक्का, मी सगळ्यांसमोर सांगितलं. मी घेतलं तुमचं नाव.”

“घेतलंस की. गाळलंसही तूच.” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “त्यानं चोरलं म्हणून तू स्टेजवर नाचलीस. पण दार कुणी उघडलं गं? तानपुऱ्याला हात लावला होतास ना?”

“रियाजासाठी केलं अक्का. माझ्या लक्षात राहत नव्हतं.”

“राहत नव्हतं तर विचारायचंस. शंभर वेळा विचारलं असतंस तर शंभर वेळा ओरडले असते आणि शंभर वेळा म्हणून दाखवलं असतं. माझं एक नाव होतं. ते तुझ्या कानात ठेवायला दिलं होतं, तर तू ते यंत्राच्या पेटीत टाकून झोपलीस.”

“चुकलं माझं.”

“हो. चुकलं.” त्यांनी मांडीवरचा नारळ माझ्या हातात दिला, नकोसं सामान द्यावं तसा. “रविवारी फोन लावू नकोस आता.”

मला त्यांचाही राग आला, आज सांगायला हरकत नाही. त्यांच्यासाठी सगळ्या सभागृहासमोर उभी राहिले होते. दहा वर्षांची शिकवणी अशी दोन वाक्यांत संपवतात? नांदेडपर्यंत त्या रागानं माझं डोकं फणफणत होतं. पुढच्या रविवारी दहाला मी तरीही फोन लावला. वाजत राहिला. त्याच्या पुढच्या रविवारीही. सहा रविवार लावला. मग थांबवला. दीड वर्षानं अक्का गेल्याचं मला वर्तमानपत्रातून समजलं. बातमीत त्यांची ओळख होती, ‘श्रीधरबुवा तेरदाळकर यांच्या पत्नी आणि मुकुंद हेर्लेकर यांच्या गुरू’. पेपर मी तिथंच काउंटरवर फाडला. रांगेतली माणसं बघत राहिली.

याला आता आठ वर्षं झाली. मुकुंददादाची जौनपुरी नेटवर आहे, त्याच्या नावानं, त्या चार मात्रांच्या शांततेसकट. खाली लोक ‘अंगावर काटा आला’ लिहितात. मी लिहिते, ‘तिथं नाव आहे.’ तो ते पुसून टाकतो. मी पुन्हा लिहिते. रोज.

आणि पहाटे साडेपाचला ती फाइल लावते. तो संगणक केव्हाच भंगारात गेला, पण फाइल मी जपली आहे. अक्का शेवटी ती बंदिश पूर्ण म्हणतात, ‘दीप न बुझाऊँ’ म्हणतात आणि नवव्या मात्रेवर नाहीशा होतात. त्या फाइलमध्ये त्यांचं नाव नाही. ते रोज मलाच घ्यावं लागतं.